सारवल्यानं पुसत न्हाई

लोकांना वाटतं, आग सगळं खाऊन टाकते. काडी ओढली की मागं राहते ती राख, आणि राखेला काय तोंड असतं बोलायला. हे ऐकलं की मला लई राग येतो. गेली अकरा वर्षं मी जळक्या घरांत गुडघ्यावर बसून माती खरवडते आहे, आणि माझं मत विचाराल तर आगीइतकं हलगर्जी दुसरं कुणी नाही. ती वरवरचं खाते आणि खालचं ताटात तसंच टाकून उठते. त्या उष्ट्यावर माझी नोकरी चालते. सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेची गाडी, एक पेटी, चिमटे, काचेच्या बरण्या आणि मी. शुद्ध मराठी मी रिपोर्टात लिहिते, इथं बोलते तशी लिहिणार आहे. ज्याला नाकं मुरडायची त्यानं खुशाल मुरडावीत.

माझा जन्म उसाच्या फडातला, पाचटाच्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या, कोपीतला. दसरा झाला की आई-बाप ट्रॅक्टरवर बसून कारखान्याकडं जायचे आणि शाळेचं वय होईपर्यंत मीही त्यांच्याबरोबर. आग मला आधी आईनं शिकवली, पुस्तकानं नंतर. पाचट भडकन पेटतं आणि भडकन संपतं. तुराटी, तुरीची वाळकी काटकी, तडतडते. गवरी मुकाट धुमसत राहते, वरनं गार दिसते आणि आत हात घातला की पोळतो. पुढं एम.एस्सी.ला जाडजूड इंग्रजी पुस्तकात हेच वाचलं तेव्हा मला हसू आलं. नोकरी लागली तेव्हा भावकीतले एक काका म्हणाले, "पोरीच्या जातीनं मढी उकरायची व्हय? दुसरी नोकरी न्हाई घावली?" मी म्हणाले, "काका, मढं पाडताना कुणी जात बघत न्हाई, मग उकरतानाच कावून बघायची?" तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत आणि माझं काही अडलेलं नाही.

सांगायची ती गोष्ट तीन-चार वर्षांमागची, पाटोद्याच्या अलीकडच्या एका गावातली. गावाचं नाव सांगणार नाही. ज्या आईची ही गोष्ट आहे तिला अजून त्याच गावावरनं बसनं जावं लागतं.

शेतातल्या पत्र्याच्या घरात एक बाई भरदुपारी जळून मेली होती. वय सव्वीस, लग्नाला पाच वर्षं, पदरात चार वर्षांची पोरगी. सासरच्यांचं म्हणणं असं, की गॅस संपला होता, म्हणून ती चुलीवर भाकरी करत होती, ठिणगी पदरावर पडली, पदराची आग शेजारच्या कडब्याला लागली आणि बाई होरपळली. नवरा शेतात, सासरा गावात. "येंधळीच होती ती," असं ते येईल त्याला सांगत होते. ठाण्यात अपघाती मृत्यू म्हणून नोंद झाली. एवढ्यावर सगळं मिटलं असतं. पण शवविच्छेदन करणारा डॉक्टर नवा आणि सरळ होता. त्यानं लिहिलं, की बाईच्या श्वासनलिकेत काजळीचा कणही नाही. जिवंत माणूस आगीत सापडलं तर श्वास घेतंच, आणि श्वासाबरोबर काजळी गळ्यात जाऊन बसते. हिच्या गळ्यात काजळी नव्हती, उलट गळा दाबल्यावर साकळतं तसं गळ्याच्या आतल्या बाजूला रक्त साकळलेलं होतं. म्हणजे आग लागली तेव्हा ही श्वास घेतच नव्हती.

त्या कागदामुळं तिथल्या फौजदार साहेबांना आम्हाला बोलवावं लागलं. फोनवर म्हणाले, "मॅडम, येऊन जावा, फॉर्मॅलिटी हाय. अर्ध्या तासाचं काम." फॉर्मॅलिटी हा शब्द ऐकला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. एक बाई मेली आहे आणि हे अर्ध्या तासाचा हिशेब सांगतायत.

आम्ही पोचलो तो तिसरा दिवस होता. सकाळीच राख सावडून माणसं परतली होती. सासरा पांढऱ्या कपड्यात, हातात दोन फोन, गावात वजन असलेला माणूस. बोलणं मात्र गुळासारखं. नवरा लिंबाखाली मान खाली घालून बसलेला. आडाच्या कट्ट्याला टेकून एक बाई उकिडवी बसली होती, कोपरापर्यंत हातांवर शेण वाळलेलं. मला वाटलं कामाला बोलावलेली असेल. तिच्याकडं मी दुसऱ्यांदा बघितलंही नाही.

आत गेले. आधी चूल बघितली, कारण सगळा आळ चुलीवर होता. चूल कोपऱ्यात. तिच्या मागची भिंत रोजच्या धुरानं होते तेवढीच काळी. चुलीपासून हातभर अंतरावर प्लॅस्टिकची बादली होती, ती ताठ उभी. तिचा काठसुद्धा वाकला नव्हता. आग इथनं निघाली असती तर ती बादली पहिल्यांदा लोळागोळा झाली असती. उलट दाराच्या बाजूला, बाज होती तिथं, सगळं खालपासून करपलेलं होतं. बाजेचे पाय बुडातून जळालेले. आग खालनं वर चढते, हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण ती जमिनीलाच एवढी जोरात लागली असेल तर जमिनीवर आधी काहीतरी ओतलेलं असतं. पेट्रोल ओतलं की ते मातीत मुरतं. वरचं जळून जातं, मुरलेलं थोडं मागं राहतं. मला ती माती पाहिजे होती.

आणि तिथली जमीन शेणानं सारवलेली होती.

आपल्याकडं जिथं जीव जातो ती जागा सारवतात, दिवा लावतात, पीठ पसरून त्यावर टोपलं पालथं घालतात, हे मला काय माहीत नाही? माझ्या आजीच्या वेळी मीच पीठ पसरलं होतं. पण त्या क्षणी माझं डोकं फिरलं. बाजेच्या जागेवर ओलसर हिरवट थर, त्यावर मिणमिणता दिवा, शेजारी टोपलं. मी दारात येऊन ओरडले, "कुणी सारवलं हे? कुणाचं शहाणपण? पोलीस केस असताना हात लावलाच कसा? होता नव्हता तो पुरावा पुसून टाकला तुम्ही."

सासरा लगबगीनं पुढं आला. "बाई, रागावू नका. पोरीच्या आईनं सारवलंय. आई हाय, तिला कसं न्हाई म्हणावं? आमीच तिला शेण-माती भरून दिली, पाटीभर." बोलताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी अजून विसरलेले नाही.

आडाजवळची ती बाई उठली. ती मेलेल्या पोरीची आई होती. पन्नाशीची असेल, ऊस तोडून पाठीचं धनुष्य झालेलं. मला शरमेनं मेल्यासारखं झालं, पण तोंडातनं गेलेलं परत येत नाही. ती सावकाश चालत माझ्यापर्यंत आली आणि म्हणाली, "सारवल्यानं पुसत न्हाई, माय. झाकतंय नुसतं."

मी काही बोलायच्या आत तिनं मला हाताला धरून आत नेलं. म्हणाली, "काल पोरीला जाळून आलो, तवा मी हितं आलते. भुई काळी झालती. जेवढी काळी झालती तेवढ्यावरच हात फिरवलाय. एक बोट हिकडं न्हाई की तिकडं न्हाई."

"सगळी खोली का नाही सारवली?" मी विचारलं.

"बाकीचं घर त्यांचं हाय," ती म्हणाली. "ते मी कावून सारवू?"

तेव्हा मी पहिल्यांदा तो थर नीट बघितला. तो गोल नव्हता, चौकोनीही नव्हता. बाजेखाली मोठा पसारा आणि तिथनं दाराकडं निघालेली वितभर रुंदीची वाकडीतिकडी पट्टी, थेट उंबऱ्यापर्यंत. या बाईनं शेणानं डाग गिरवला होता. पेट्रोल ओतत ओतत कुणी दारापर्यंत मागं सरत गेलं आणि उंबऱ्यातनं काडी टाकली, तर डाग असाच पडतो. पेन न उचलता सही करावी तसा. नकाशा काढायला मला अर्धा दिवस लागला असता, तो तिनं लेकीच्या मायेपोटी काढून ठेवला होता. शिवाय ओल्या शेण-मातीचा जाड थर वर बसला, की खाली मुरलेली वाफ उन्हानं झटकन उडून जात नाही. बरणीचं झाकण लावल्यासारखंच झालं होतं ते. माझा राग उतरला आणि हात शिवशिवायला लागले.

पण उकरायचं म्हणजे दिवा हलवायचा. मी वाकले तोच सासरा दारातनं म्हणाला, "बाई, दहा दिवस दिवा हलवायचा नसतो. पोरीला गती मिळायची न्हाई. तुमी शिकलेल्या, तुमाला ह्याचं काय." आता त्याच्या आवाजातला गूळ संपला होता. मागं चारदोन माणसं उभी राहिली, आणि फौजदारसुद्धा म्हणाले, "मॅडम, लोकांच्या भावना हायत. उगं राडा नको."

मी उत्तर द्यायच्या आधी आईनंच दिवा उचलला. पदराआड धरला, वारा लागू दिला नाही, आणि चुलीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवला. सासऱ्याकडं न बघता म्हणाली, "माझ्या लेकीच्या गतीचं माझं मी बघते." त्या घरात दोन दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी त्याला उलट बोललं असावं. तो दारातनं बाजूला झाला.

मी आधी त्या पट्टीचे फोटो काढले, मग पातळ सुरीनं शेणाचा थर उचलला. खपली निघाली तशी निघाला. खालची माती काळी, आणि मातीतनं वास आला. माझ्या आधी आईला आला. "गाडीतलं तेल," ती हळूच म्हणाली. तिचा चेहरा हलला नाही.

डागाच्या मधोमध आग सगळ्यात जास्त पेटते, म्हणून तिथं कमी उरतं. कडेला जास्त. मी कडेनं तीन ठिकाणची माती घेतली. प्रत्येक ठिकाणी वरची शेणाची खपली एका बरणीत आणि खालची माती दुसऱ्या बरणीत. झाल्या सहा. मग डाग नव्हता त्या कोपऱ्यातली माती, पाटीत उरलेलं शेण, आणि एक बरणी नुसती रिकामी, तीच सील करायची. उद्या कुणी म्हणालं की बरणीलाच पेट्रोल लागलं होतं, तर दाखवायला. नऊ बरण्या पाहिजे होत्या आणि माझ्याकडं निघाल्या पाच. हवालदार दादांना पाटोद्याला पिटाळलं, घट्ट झाकणाच्या कोऱ्या काचेच्या बरण्या आणायला. तासाभरानं ते आले ते प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन. "लई जाड हायत मॅडम, फाटायच्या न्हाईत." मी कपाळावर हात मारला. "दादा, पेट्रोलची वाफ पिशवीतनं निघून जाते. मग प्रयोगशाळेत काय, पिशवी हुंगायची?" बिचारे मुकाट परत गेले.

ते येईपर्यंत मी त्या उकरलेल्या जागेशेजारीच बसून राहिले. उठले असते तर तिथं काय झालं असतं, सांगता येत नाही. आई माझ्या शेजारी बसली. मी म्हणाले, "मावशी, मघाशी तुमच्यावर ओरडले. चुकलं माझं."

ती म्हणाली, "ओरडलीस ते बरं केलंस. लेक गेल्यापसनं ह्या घरात कुणी आवाजच चढवला नव्हता."

अंगणात एक पोरगी उभी होती, झिपऱ्या विस्कटलेल्या, कडेवर कापडाची बाहुली. आजीकडं बघत होती, पण उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हती. आईनं हाक मारली तशी ती मागं सरकली. "चूल हाय म्हणून येत न्हाई," आई म्हणाली. "तिला सांगितलंय, तुझी आई येंधळी, चुलीनं खाल्ली तिला. आता चूल बघितली की थरथरतंय लेकरू." मग ती माझ्याकडं वळली. "बाई, माझी लेक तर गेली. आता तुमी अपघात लिवला, तर हे लेकरू हितंच ऱ्हाईल. त्या बापाच्या हातात. मला न्यायची तिला. एवढंच हाय माझं."

त्यानंतर सासऱ्यानं चहा पाठवला. मी परत पाठवला. मग तो स्वतःच आला, दारात टेकला, आवाज खाली आणला. "बाई, तुमी पण आपल्याच भागातल्या. ठिणगी लिवलं तर कुणाचं काय जातंय? गेलेलं माणूस येतं का माघारी? पोरीची पोर हितं लाडात वाढंल. माझा शब्द हाय." मी त्याला म्हणाले, "गेलेलं येत न्हाई, बरोबर. पण ज्यानं केलंय त्याला जाऊ द्यायचं नसतं." त्यानं खिशातनं एक फोन काढला आणि माझ्या देखत कुणाला तरी लावला. वरच्या ओळखी. लावू दे. मी आगीच्या भट्टीत वाढलेली, मला ओळखींची झळ काय लागणार? असं मी आज म्हणते. त्या वेळी मी पेटीतल्या पाच बरण्या पुन्हा पुन्हा मोजत बसले होते, खोटं कशाला बोलू.

बरण्या आल्या. सील केल्या. फौजदार म्हणाले, "आता रिपोर्ट येऊ द्या, महिना-दोन महिने लागतील, मग बघू." म्हणजे महिना-दोन महिने पोरगी तिथंच. मी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि तिथंच प्राथमिक टिपण लिहिलं. आग चुलीपासून लागल्याची खूण नाही. जमिनीवर दारापर्यंत ओघळ. मातीला पेट्रोलसारखा वास, पुष्टी प्रयोगशाळेत व्हायची आहे. वासाला पुरावा म्हणत नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून वासाला वासच लिहिलं, एक अक्षर जास्त नाही. सही करून पोच मागितली.

फौजदार वाचत राहिले. "आन रिपोर्ट निगेटिव्ह आला तर, मॅडम?"

"तर माझ्या नावानं शिमगा करा," मी म्हणाले. "पण आज हे वाचून तुम्ही काही केलं नाही, तर उद्या तुम्हाला कुणी विचारलं की माझी पोच पुढं येईल."

माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. डॉक्टरचा कागद आणि माझा कागद त्यानं शेजारी शेजारी धरले, टोपी सारखी केली आणि गुन्हा नोंदवायला सांगितलं. नवरा आणि सासरा चौकशीला गाडीत बसले. पोरगी आजीकडं दिली. आजीनं तिला कडेवर घेतलं आणि बसस्टँडकडं चालायला लागली. मागं वळून बघितलंसुद्धा नाही.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझ्या घरच्यांना विचारा. वरनं फोन आला, "घाई केलीत तुम्ही. अंदाजावर लिहायचं नसतं." मी म्हणाले, "अंदाज नाही लिहिला साहेब, नाकानं घेतलेला वास लिहिला." बदलीची कुजबुज झाली. मी म्हणाले, करा बदली, आग काय एका जिल्ह्यातच लागते? रात्री मात्र मी जुनी पुस्तकं काढून बसायचे. शेणातले जंतू पेट्रोल खातात, हेही खरं आहे. तो थर झाकण झाला असेल तसा घातकही झाला असेल. निकाल कोरा आला असता तर माझी अब्रू गेली असती ते सोडा, ती पोरगी त्या घरात परत गेली असती.

निकाल आला. तिन्ही ठिकाणच्या मातीत पेट्रोल. शेणाच्या खपल्यांत नावापुरतं, मातीत भरपूर. कोपऱ्यातली माती, पाटीतलं शेण, रिकामी बरणी, तिन्ही स्वच्छ. मी ऑफिसच्या मागं जाऊन रडले. आनंदानं म्हणवत नाही, कारण त्या निकालाचा अर्थ एका पोरीचा खून असा होता.

केस उभी राहिली तेव्हा जवळजवळ दोन वर्षं झाली होती. त्यांचा वकील हुशार होता. त्यानं मला विचारलं, "शेणानं सारवलेल्या जमिनीतून नमुना घ्यावा, असं कुठल्या पुस्तकात लिहिलं आहे, मॅडम?"

"पुस्तक लिहिणाऱ्याच्या घरी फरशी असंल," मी म्हणाले. कोर्टात हसू फुटलं. न्यायाधीश बाईंनी मला समज दिली, आणि ती मी ऐकून घेतली.

मग त्यानं खरा बाण काढला. म्हणाला, "मयताच्या आईला नात हवी होती. तिनंच शेण-मातीत पेट्रोल कालवलं आणि आमच्या अशिलाला गोवलं. हे शक्य आहे की नाही?"

दोन वर्षं माझ्या मनात हाच प्रश्न होता. म्हणूनच तर थर वेगळे घेतले होते. मी म्हणाले, "तिनं शेणात कालवलं असतं, तर पाटीत उरलेल्या शेणात सापडलं असतं. ते स्वच्छ आहे. आणि पेट्रोल सारवणाबरोबर वरनं आलं असतं, तर वरच्या खपलीत जास्त आणि खाली कमी मिळालं असतं. मिळालंय उलट. खालची माती भरलेली, वर फक्त वाफ चढलेली. म्हणजे पेट्रोल आधी पडलं, आग नंतर लागली, आणि आईचा हात सगळ्यात शेवटी फिरला." मी फोटो पुढं केला. सारवलेल्या पट्टीचं टोक उंबऱ्याला टेकलेलं होतं. "चुलीची ठिणगी उंबऱ्यापर्यंत नागमोडी चालत जात नसते, साहेब."

आईची साक्ष माझ्यानंतर झाली. मी बाहेर न जाता मागच्या बाकावर बसले. वकिलानं तिलाही तेच विचारलं, नातीसाठी हे सगळं केलं ना म्हणून. ती पिंजऱ्याच्या लाकडाला धरून उभी होती. म्हणाली, "लेक जित्ती असती तर नात तिच्याच कडंवर असती. मला कशाला मागावी लागली असती?" वकील खाली बसला.

नवरा त्या दुपारी शेतात नव्हता, घरातच होता, हे शेजाऱ्यांच्या साक्षीत निघालं आणि त्याला जन्मठेप झाली. सासऱ्यालाही पुरावा नष्ट करायला मदत केली म्हणून शिक्षा झाली. ज्या शेणाच्या पाटीवर तो एवढा खूश होता, तीच त्याच्या गळ्यात पडली. मला आनंद झाला, आणि तो मी लपवणार नाही. कुणी म्हणतात, तज्ज्ञानं भावना ठेवू नये. बरणी सील करताना मी भावना ठेवत नाही. सील झाल्यावर माझी भावना माझी आहे.

निकालानंतर पंधरा दिवसांनी चौसाळ्याला एका कामाला गेलते, तशी वाकडी वाट करून त्या आईच्या गावाला गेले. दुपारची वेळ. दोन खोल्यांचं घर, अंगणात चूल, आई भाकरी थापत बसलेली. पोरगी सहा वर्षांची झाली होती, दोन वेण्या घातलेल्या. ती पार अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, कुडाला पाठ लावून बसली होती. मी आईकडं बघितलं.

"अजून येत न्हाई चुलीजवळ," आई म्हणाली. "दोन वर्सं झाली, गार भाकर खाती. घरात नेऊन द्यावी लागती."

"तिला खरं सांगितलं नाहीत?"

"कोर्टानं सांगेस्तवर थांबलते. न्हाईतर म्हणले असते, म्हातारी पोरीचं कान भरती." तिनं हातावरचं पीठ झटकलं. "आता सांगते. तुमी हायतच तर तुमच्या म्होरंच सांगते."

मला वाटलं, नको. सहा वर्षांचं लेकरू, कशाला आत्ताच. मी तसं म्हणायला तोंडही उघडलं, पण आई उठली होती. पोरीजवळ गेली, तिच्यासमोर बसली, तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "तुझी आई येंधळी नव्हती. लई शानी होती. चुलीनं तिला काय केलं न्हाई. तुझ्या बापानं मारलं तिला, आन मग आग लावली. मोठ्या कोर्टात तसं लिवलंय. ह्या बाईनं शोधलंय ते."

पोरगी माझ्याकडं बघत राहिली. मी मान हलवली. ती रडली नाही. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी आई उठली नाही.

मग पोरीनं विचारलं, "चुलीनं न्हाई?"

"न्हाई गं माय. चुलीचा काय गुन्हा?"

पोरगी उठली. दोन पावलं आली, थांबली, परत दोन पावलं आली. चुलीपासून हातभर अंतरावर उकिडवी बसली. जाळ खाली गेला होता. तिनं पुढ्यातली एक तुराटी उचलली, आजीकडं बघितलं, आणि आपल्या हातानं आत सारली.